दुःख विसरावे, की दुःखात फळावे?

उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाच्या दोन पुत्रांच्या नावांची हकीकत आली आहे. मिसर देशात मानाच्या पदावर चढल्यानंतर, दुष्काळाची वर्षे सुरू होण्यापूर्वी, हे दोन पुत्र त्याला झाले. थोरल्याचे नाव त्याने मनश्शे असे ठेवले. देवाने आपले सारे कष्ट आणि बापाचे घर आपल्याला विसरावयास लावले, असा त्या नावाचा भाव आहे. धाकट्याचे नाव त्याने एफ्राईम ठेवले. ज्या देशात आपण विपत्ती सोसली त्याच देशात देवाने आपल्याला सफळ केले, असा या दुसऱ्या नावाचा अर्थ. एकाच बापाने एकाच दुःखाविषयी अशी दोन निराळी नावे ठेवावीत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

योसेफ हा लहानपणीच आईला मुकलेला मुलगा होता. बन्यामिनाच्या जन्माच्या वेळी राहेल वाटेतच वारली. सतराव्या वर्षी भावांनी त्याला विकले आणि बापही अंतरला. अशा मुलाने मोठेपणी 'आता सारे विसरलो' असे म्हणावे, हे स्वाभाविक आहे. पण तो खरोखर विसरला होता काय? धान्यासाठी भाऊ समोर येऊन उभे राहिले तेव्हा तो बाजूला जाऊन रडला. बन्यामिनाला पाहून पुन्हा आतल्या खोलीत गेला आणि रडला. अखेरीस ओळख देताना तर तो इतक्या मोठ्याने रडला की मिसरी लोकांनाही ते ऐकू गेले. विसर पडला असता तर हे अश्रू कोठून आले असते? मनश्शे हे नाव त्याच्या इच्छेचे होते. एफ्राईम हे नाव त्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीचे होते.

आईबाप गमावलेल्या मुलासाठी आपण कोणते नाव मागतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याने विसरावे असे आपल्याला वाटते, की त्याने फळावे असे वाटते?

सांत्वनाची घाई

घरात मृत्यू झाला की मोठ्यांभोवती माणसे जमतात. लहान मूल मात्र शेजारच्या घरी पाठवले जाते. 'देवाची इच्छा', 'बाबा देवाघरी गेले', 'तू आता मोठा झालास, आईला सांभाळ' ही तीन वाक्ये त्याच्या पदरात पडतात. चार दिवसांनी ते खेळू लागले की 'लेकरू विसरले बिचारे' असे म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो.

वास्तविक मूल विसरलेले नसते. मोठ्या माणसाचा शोक सलग वाहतो. मुलाचा शोक तुकड्यातुकड्यांनी येतो. ते थोडा वेळ रडते, मग खेळते, आणि पुन्हा एखाद्या रात्री अचानक विचारते, की बाबा पावसात भिजत असतील काय? वय वाढेल तसा तोच मृत्यू त्याला नव्याने कळतो. सातव्या वर्षी न कळलेली गोष्ट चौदाव्या वर्षी कळते आणि तेव्हा ते पुन्हा पोरके होते. अमेरिकेत विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन या अभ्यासकांनी आई किंवा वडील गमावलेल्या १२५ शाळकरी मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला. त्यातून १९९६ च्या सुमारास जे निष्कर्ष पुढे आले, त्यांनी जुनी समजूत बदलली. मृत माणसाशी असलेले नाते तोडले म्हणजे शोक संपतो, असे पूर्वी मानले जाई. पण ही मुले ते नाते तोडत नव्हती. ती मृत आईशी किंवा वडिलांशी मनात बोलत होती, त्यांच्या वस्तू जपून ठेवत होती. काही मुलांची व्यथा तर पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी अधिक दिसून आली. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारपूस थांबवली, नेमकी तेव्हा.

ईयोबाच्या मित्रांचे या बाबतीतले वर्तन आपण नेहमी दोषास्पद मानतो. पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, हे आपण विसरतो. तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. दुःखाचे कारण समजावून सांगण्यास त्यांनी आरंभ केला आणि तेथून ते चुकत गेले.

वाद्ये न विकणारी आई

हा विचार पुढे नेण्यासाठी चेन्नई नगराकडे पाहू. ख्रिस्ती माणसाला हे नगर प्रेषित थोमाच्या नावाने ठाऊक आहे. त्याचे रक्त येथेच सांडले, अशी परंपरा आहे. सेंट थॉमस माउंटची टेकडी आणि समुद्रकाठचे सांथोमचे मंदिर ही त्या परंपरेची दोन स्थाने. या नगराच्या कोडंबाक्कम भागात तमिळ चित्रपटसृष्टी वाढली.

मल्याळी चित्रपटांना संगीत देणारे आणि दुसऱ्या संगीतकारांसाठी वाद्यमेळाची रचना करणारे आर. के. शेखर हे गृहस्थ येथे राहत. १९७६ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, ते आजारपणाने वारले. मागे पत्नी आणि चार मुले राहिली. त्यांतला एकुलता एक मुलगा दिलीपकुमार तेव्हा नऊ वर्षांचा होता. घरात शेखर यांची वाद्ये होती, आणि ती भाड्याने देऊन घर चालू लागले. ही वाद्ये विकून टाकावीत आणि त्या पैशांच्या व्याजावर जगावे, असा सल्ला त्या माउलीला मिळाला. व्यवहाराच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. तिने तो नाकारला. मला मुलगा आहे, तो ही वाद्ये सांभाळील, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले, असे तिच्या मुलानेच पुढे सांगितले आहे.

हा मुलगा म्हणजे संगीतकार ए. आर. रहमान. पुढे या कुटुंबाने इस्लामचा स्वीकार केला आणि ती माता करीमा बेगम या नावाने ओळखली गेली. २०२० च्या डिसेंबरात ती निवर्तली. देवाने दिलेली देणगी धर्माची वेस पाहून थांबत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. १९९२ च्या 'रोजा' या चित्रपटापासून या मुलाची कीर्ती पसरली आणि २००९ साली त्याला दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला येथे त्या कीर्तीशी कर्तव्य नाही. आपल्याला त्या नकाराशी कर्तव्य आहे. वाद्ये विकली असती तर घरातून बापाचा आवाजच गेला असता. ती राहिली, म्हणून ज्या पट्ट्यांवर बापाची बोटे फिरली होती त्यांवर मुलाची बोटे फिरू शकली. वर्डन आणि सिल्व्हरमन यांच्या अभ्यासातून दोन दशकांनी जे दिसून आले, ते या आईने केवळ आपल्या अंतःकरणाने ओळखले होते.

पण ही कथा गोड करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या मुलासाठी संगीत हे आधी सांत्वन नव्हतेच. ते पोटाचे साधन होते. अकराव्या वर्षापासून तो इळैयाराजांसारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. रात्री ध्वनिमुद्रण आणि सकाळी वर्ग यांचा मेळ बसेना, आणि शाळा सुटली. २०१८ साली त्याने उघडपणे सांगितले, की वयाच्या पंचविशीपर्यंत आपल्या मनात आत्मघाताचे विचार येत असत, आणि वडील गेल्यामुळे आत एक पोकळी राहिली होती. नऊ आणि पंचवीस या वयांमध्ये सोळा वर्षांचे अंतर आहे. या सोळा वर्षांत तो रोज वाजवत होता. म्हणजे कलेने दुःख काही दिवसांत बरे केले, असे घडले नाही. कलेने त्याला एवढेच दिले, की ती पोकळी घेऊन उभे राहण्यास एक जागा मिळाली, आणि रोज सकाळी उठण्यास एक कारण मिळाले. अनेकदा जगण्यासाठी तेवढेच पुरते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ही सोळा वर्षे ध्यानात ठेवावीत, आणि महिनाभरात मूल हसू लागले नाही म्हणून खचू नये.

जेथे शोकाला खोली नाही

आता कोणी म्हणेल, की रहमानला निदान घर होते, वाद्ये होती, बापाचे नाव होते. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. त्यासाठी कोडंबाक्कमहून उत्तर चेन्नईत जावे लागेल.

पेरांबूर, पुळियांतोपु, व्यासरपाडी, काशिमेडू हा कामगारांचा, कोळ्यांचा आणि दलितांचा मुलूख. मुंबईच्या गिरणगावाचे जे झाले तेच येथील बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीचे झाले. १९९६ साली ती कायमची बंद पडली. दाट वस्ती, पाण्यासाठी रांगा, दारू, आणि बाहेरच्यांनी मारलेला गुंडगिरीचा शिक्का, असे या वस्त्यांचे वर्णन नेहमी केले जाते. एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे मुलाने रडावे तरी कोठे?

पण याच वस्त्यांनी शोकासाठी एक जागा निर्माण केली. तिला 'गाना' म्हणतात. हा गाण्याचा एक प्रकार आहे. तो शिकण्यास गुरू लागत नाही, वाद्येही लागत नाहीत. डबा, आगपेटी, फळी, जे हाती येईल त्यावर ठेका धरता येतो. त्यातला एक प्रकार 'मरण गाना' या नावाने ओळखला जातो. घरात मृत्यू झाला की रात्रभर प्रेताजवळ किंवा पुढे स्मृतिदिनी ही गाणी म्हटली जातात. मेलेल्या माणसाचे नाव, त्याचा धंदा, त्याच्या खोड्या, त्याचे ऋण सारे त्यात येते. ज्याच्या मरणाची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येणार नाही, त्याचे चरित्र त्या रात्री गल्लीत गाइले जाते. त्या गर्दीत बसलेले मूल आपल्या बापाचे नाव सुरात ऐकते आणि आपला बाप क्षुद्र नव्हता, हे त्याला कळते. सुशिक्षित समाजाने या गाण्याला बराच काळ हलके मानले. २०१८ च्या जानेवारीत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदाने तेच 'गाना' चेन्नईत हजारो श्रोत्यांपुढे मोठ्या व्यासपीठावर आणले, आणि ही मंडळी कोण आहेत, असे लोक विचारू लागले.

दावीदानेही असेच केले होते. शौल आणि योनाथान पडल्याचे कळले तेव्हा त्याने विलापगीत रचले, आणि ते यहूदाच्या लोकांना शिकवावे अशी आज्ञा केली. शोक शिकवण्याची वस्तू आहे, तो सर्वांनी मिळून म्हणावयाचा असतो, हे त्याला माहीत होते. आपल्या स्तोत्रसंहितेतील जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाची स्तोत्रे आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते; त्याच्या शेवटी स्तुतीचा एकही शब्द नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी ते काढून टाकले नाही. असे असता आपल्या उपासनेत विलापाची स्तोत्रे किती वेळा वाचली जातात? रडणाऱ्या मुलाला आपण दर रविवारी आनंदाचेच गीत म्हणावयास लावतो, आणि देवापुढे आपल्याला जागा नाही असे त्याला वाटले तर नवल करतो.

एक सावधगिरी

येथे एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. गरीब मुलाच्या हाती रंग किंवा वाद्य दिले म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे मानण्याचा तो मोह. याच महानगरात पळनी कुमार या छायाचित्रकाराने गटारे साफ करणाऱ्या कामगारांचे जिणे आणि मरण अनेक वर्षे टिपले, आणि पुढे सफाई कामगारांच्या मुलांना कॅमेरा हाताळावयास शिकवले. त्या मुलांनी आपल्या आईबापांची चित्रे स्वतः घेतली. ही कलेची मोठीच सेवा आहे. पण तिचे मोल तिच्या सत्यात आहे. संरक्षक साधनांविना गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. असा मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरी मृत्यू थांबले नाहीत, आणि अधिकृत नोंदींतही तमिळनाडूचा क्रमांक वरचा आहे. ज्या मुलाचा बाप अशा रीतीने गेला त्याला रंगपेटी द्यावी, अवश्य द्यावी. परंतु बापाला गटारात उतरवणारी व्यवस्था तशीच ठेवून दिलेली रंगपेटी म्हणजे आपल्याच विवेकाला दिलेले गुंगीचे औषध होय. मुलाला बरे करणे आणि जखम करणारा हात थांबवणे ही दोन कामे आहेत. एकाने दुसऱ्यातून सुटका होत नाही.

दुसरा मोह याहून सूक्ष्म आहे. मूल पुढे मोठे कलावंत झाले की आपण म्हणतो, 'पाहा, बाप गेला त्यातही देवाचा हेतू होता.' हे वाक्य भक्तीचे वाटते, पण त्यात निर्दयता आहे. बाप जिवंत असता तर मुलाने गायलेच नसते, असे कोण सांगू शकेल? आणि ज्या हजारो पोरक्या मुलांतून कोणीही रहमान होत नाही, त्यांच्या बापांचे मरण निर्हेतुक म्हणावयाचे काय? एफ्राईम हे नाव विपत्तीचे समर्थन करीत नाही. त्या देशाला योसेफ शेवटपर्यंत विपत्तीचाच देश म्हणतो. देव वाइटाला चांगले म्हणत नाही. वाइटाच्या भूमीतही तो चांगले उगवतो. या दोन गोष्टींतील अंतर ज्याला कळले नाही, त्याने पोरक्या मुलाचे सांत्वन करू नये.

म्हणून मुलाच्या कलेची परीक्षा तिच्या उत्तमतेने होऊ नये. निर्गमाच्या पुस्तकात बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरले, असे म्हटले आहे. कोणी मनुष्य देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झाला, असे शास्त्र ज्याच्याविषयी प्रथम स्पष्टपणे सांगते, तो संदेष्टाही नाही आणि राजाही नाही. सोने, लाकूड आणि दगड घडवणारा तो एक हात आहे. निर्मिती ही प्रतिभावंतांची मिरास नव्हे. ती देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या प्रत्येकाचा हक्क आहे, मग चित्रातले घर वाकडे का असेना.

आपलाच वारसा

हे सारे आपल्याला नवे नाही. १८७० नंतरच्या दशकात याच मद्रास इलाख्यातील दुष्काळात सोळा वर्षांची एक मराठी मुलगी आईबापांना मुकली. काही काळाने मोठी बहीणही गेली. उरलेला भाऊ आणि ती शेकडो कोस पायी चालली. आईने शिकवलेले संस्कृत हाच त्या मुलीचा ठेवा होता. त्याच ठेव्याच्या बळावर १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली आणि पंडिता रमाबाई झाली. तीही ते दुष्काळाचे दिवस विसरली नाही. १८९६ साली मध्य प्रांतात आणि १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा ती अनाथ मुली आणि विधवा यांना केडगावला घेऊन आली, कारण उपासमारीत आईबाप जाणे म्हणजे काय हे तिला ठाऊक होते. तिने त्यांना केवळ अन्न आणि आसरा दिला नाही. विणकाम, शेती, शिवण, छपाई असे हाताचे काम दिले. मूळ भाषांवरून तिने केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या आणि मुलींच्या हातांनी छापले गेले. ते १९२४ साली, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. दुष्काळाने अनाथ केलेल्या हातांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळवले. एफ्राईमचा याहून स्पष्ट अर्थ मराठी ख्रिस्ती माणसाला कोठे सापडणार?

आज आपल्या मंडळ्यांत अशी मुले नाहीत काय? दारूने गेलेल्या बापाची मुले आहेत, अपघाताने गेलेल्यांची आहेत, आणि २०२० व २०२१ च्या महामारीत ज्यांना आईबापांचे मुखही पाहता आले नाही अशी तर कितीतरी आहेत. ती आता मोठ्या वयात पुन्हा पोरकी होत आहेत, हे वर सांगितलेच. त्यांच्यासाठी मोठी संस्था काढण्याची गरज नाही. मंदिराच्या कपाटात कुलूपबंद असलेली पेटी आणि तबला आठवड्यातून दोन संध्याकाळी बाहेर काढता येईल. रविवारच्या शाळेत मुलाला आपल्या बाबांविषयी लिहू द्यावे, चित्र काढू द्यावे, आणि ते दाखवील तेव्हा त्यावर बोध करू नये. वारलेल्या बापाचे अवजार, वही, शिवणयंत्र, काहीतरी एक घरात राहू द्यावे, असे त्या विधवा बहिणीला सांगावे आणि ते न विकता घर चालेल एवढी मदत मंडळीने करावी. मृत्यूला दोन वर्षे झाल्यावर, सर्व विसरले असतील तेव्हा, पाळकाने आणि वडीलधाऱ्यांनी त्या घरी पुन्हा जावे.

प्रेषित थोमाने पुनरुत्थित प्रभूला ओळखण्यासाठी त्याच्या जखमा मागितल्या, आणि प्रभूने त्या दाखवल्या. मरणावर जय मिळवलेल्या देहावरही खिळ्यांचे व्रण होते. पित्याने ते पुसून टाकले नाहीत. परंतु त्या व्रणांतून आता रक्त वाहत नव्हते. ते हात न्याहारीसाठी विस्तव पेटवीत होते, भाकर मोडीत होते, आशीर्वाद देत होते. बरे होणे म्हणजे काय याचे ख्रिस्ती उत्तर त्या हातांत आहे. आपल्यातील पोरक्या मुलाचा व्रणही राहील, आणि तो राहू द्यावा. त्या हाताला काम मिळावे, सूर मिळावा, रंग मिळावा, आणि तो हात धरून कोणीतरी बराच काळ शेजारी बसावे, एवढे मात्र आपल्या स्वाधीन आहे, आणि त्याचा हिशेब आपल्यालाच द्यावयाचा आहे.